दहा मीटरची दोरी

त्या घरात दाराशेजारच्या खिळ्याला एक दोरी टांगलेली होती आणि तिच्यावरून सासू-सासऱ्यांत तीन वर्षं धुसफूस चालू होती. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी नाही, आणि इथे चांगली मजबूत दोरी नुसती लटकतेय, तर ती बांधा. सासऱ्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं: नाही. त्या दोरीने त्यांनी सव्वीस वर्षं शेतं मोजली होती. निवृत्त झाले त्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, ते त्यांनी कपाटात टाकलं आणि दोरी तेवढी दर्शनी जागी लावली. तिच्यावर घरातले टॉवेल वाळणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

या भांडणात सून कोणाचीच बाजू घेत नसे. तिचा नवरा कामानिमित्त परगावी, महिन्यातून दोनदा येणारा. रोज ज्या दोघांबरोबर दिवस काढायचे त्यांतल्या एकालाही दुखवणं तिला परवडणारं नव्हतं. ती कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घालायची आणि गप्प बसायची.

सासऱ्यांना सगळा विभाग मोजणीदादा म्हणायचा. काम डाळींच्या पिकाचं. कापणीच्या दिवसांत चिठ्ठी काढून जी शेतं निघतील त्या प्रत्येकात दोरीने दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन आखायचा, चार खुंट्या ठोकायच्या, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं आणि तोलायचं. अशा चौकोनांवरून मग सगळ्या विभागाचं हेक्टरी उत्पादन काढलं जातं. मोजणीदादांच्या तराजूची तर ख्याती होती. दर हंगामाआधी ते वजनं तपासून आणत. तोलताना वारा सुटला तर तो पडेपर्यंत थांबत. एकदा पारड्याच्या खाली चिकटलेलं मातीचं ढेकूळ दिसलं, तर त्यांनी त्या आठवड्यातल्या नऊ शेतांची वजनं पुन्हा केली होती. बरोबरची माणसं वैतागत, पण त्यांच्या आकड्यावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

सून त्याच खात्याच्या आकडेवारी कार्यालयात. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, सासऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेणारी तू पहिलीच. नऊ वर्षं तिने त्यांचे तक्ते तपासले आणि एकही चूक तिच्या हाती लागली नाही. याचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही होता.

अशात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. विभागातलं मसुराचं बियाणे केंद्र बंद करायचं ठरत होतं. कारण एका ओळीत: केंद्राने चोवीस वर्षांत पाच नवी वाणं दिली, तरी शेतकऱ्यांच्या शेतातलं उत्पादन हेक्टरी आठ क्विंटलच्या पुढे सरकलेलं नाही. गेल्या तीन वर्षांत ते एकदम दहाच्या घरात गेलं होतं, पण मोजणारी व्यक्ती बदलली त्याच वर्षी आकडा उडी मारतो, म्हणून ती तीन वर्षं संशयास्पद धरावीत आणि जुन्या सव्वीस वर्षांवर निर्णय व्हावा, असं पत्रात होतं. शुक्रवारी तिथले साहेब स्वतः येणार होते. त्याआधी सुनेने अंतिम तक्ता करून त्यावर सही करायची होती.

पत्र आलं त्याच दुपारी मसूरताई कार्यालयात आल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नसे. बारीक अंगाच्या, उन्हाने रापलेल्या, हातात कायम बियाण्याची एखादी पुडी. निवृत्तीला वर्ष उरलेलं.

"भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचंय. ही गेली तीन वर्षं खरी आहेत का? माझ्या वाफ्यांत पीक चांगलं येतं, पण तिथले आकडे कोणी मानत नाही. म्हणतात, लाडावलेलं पीक. शेतकऱ्याच्या शेतात वाढलं का, एवढंच मला कळायला हवं. नसेल वाढलं तर बंद करा. मी रडणार नाही."

"बघते, ताई. शुक्रवारपर्यंत बघते," सून म्हणाली.

मसूरताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुझे सासरे बरे आहेत ना? दरवर्षी बांधावर उभी राहून मी त्यांना विचारायची, दादा, वाढलं का? ते म्हणायचे, नाही ताई. फार सरळ माणूस. दुसरा कोणी असता तर माझं मन राखायला हो म्हणाला असता."

सुनेने आधी नव्या मोजणीदारणीला धरलं. ती मुलगी तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली, तोंडाने फटकळ. तिने आपली पोलादी फीत टेबलावर आपटली आणि म्हणाली, "मोजा. तराजूही मोजा. हवं तर मलाही तोला." फीत बरोबर निघाली, तराजूही बरोबर निघाला. मुलगी गाल फुगवून निघून गेली.

मग सून तक्त्यांत शिरली. दोन दिवस तिने डोकं वर काढलं नाही. आणि मंगळवारी संध्याकाळी, निघायच्या बेतात असताना, तिला हट्टी आजोबांची ओळ दिसली.

हट्टी आजोबा म्हणजे नदीकाठचे एक शेतकरी. केंद्राचं नवं वाण आयुष्यात त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. आपलंच बी राखायचे, तेच पेरायचे, आणि कोणी समजावायला गेलं तर पाणी पाजून परत पाठवायचे. त्यांचं शेत रस्त्यालगत होतं, म्हणून तुलनेसाठी दरवर्षी तिथे एक चौकोन कापायचाच असा शिरस्ता पडला होता. पहिल्या वर्षी त्यांचं उत्पादन हेक्टरी सात नव्वद, म्हणजे सात क्विंटल नव्वद किलो. मग हळूहळू उतरत सव्विसाव्या वर्षी साडेसहा. आणि सत्ताविसाव्या वर्षी, पोलादी फीत आली तेव्हा, पुन्हा सात नव्वद.

जमीन तीच होती, बी तेच होतं, म्हातारा तोच होता. खाली उतरलेलं पीक एका वर्षात जागेवर कसं येईल? सुनेने पेन खाली ठेवलं. नव्या मुलीची फीत तपासली, मग जुन्या माणसाची दोरी का तपासायची नाही, हा प्रश्न आता टाळता येणार नव्हता. टाळावासा मात्र फार वाटत होता.

बुधवारी सकाळी मोजणीदादा फिरायला गेल्यावर तिने दोरी खिळ्यावरून काढली. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

"अखेर मला देणार म्हणायची," त्या म्हणाल्या.

"आई, जरा हे टोक धरता? अंगणात मोजायची आहे."

"त्यांना कळलं तर?"

"कळेलच."

सासूबाईंनी टोक धरलं. सुनेने कार्यालयातून आणलेली फीत शेजारी अंथरली आणि दोरी ताणली. दोरीत सात गाठी होत्या. त्या तिने शेकडो वेळा पाहिल्या होत्या, जशा आपण घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहतो, म्हणजे पाहतच नाही. प्रत्येक गाठ पक्की, नेटकी, टोकं न कापता आत गुंडाळलेली. तिने फितीवर आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही वाचा."

"नऊ मीटर. आणि वर नऊ सेंटीमीटर," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे किती कमी?"

"एक्क्याण्णव सेंटीमीटर."

"तेवढ्याने काय होतंय?"

"चौकोन दोन्ही बाजूंनी लहान होतो, आई. शंभर चौरस मीटरच्या जागी साडेब्याऐंशी चौरस मीटर जमीन कापली जाते आणि आपण धरतो शंभर. पीक वाढत गेलं आणि एकेका गाठीने चौकोन लहान होत गेला. म्हणून आकडा जिथल्या तिथे राहिला."

सासूबाईंनी हातातलं टोक खाली ठेवलं. "आणि मी तीन वर्षं हिच्यावर धुणं वाळत घालायला मागत होते," त्या पुटपुटल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "ठेव परत खिळ्याला. त्यांना नको सांगू."

सुनेच्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोला. दोरी खिळ्याला गेली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. जुन्या तक्त्यावर सही करायची, साहेब खूश, सासऱ्यांचं नाव जसंच्या तसं. फक्त मसूरताई आपल्या पुड्या आवरून घरी जाणार होत्या, आणि आपलं आयुष्य फुकट गेलं असं मरेपर्यंत समजणार होत्या. ते सुनेच्याने होण्यासारखं नव्हतं.

फाटक वाजलं. मोजणीदादा अंगणात आले आणि जमिनीवरची दोरी, तिच्या शेजारची फीत, दोन्ही बायकांचे चेहरे, असं क्रमाने बघत उभे राहिले.

"काय चाललंय?"

सुनेने सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण आवाज खाली ठेवून. ते ऐकत होते. मग त्यांनी चपला काढल्या, वाकून स्वतः दोरी ताणली आणि फीत लावली. एकदा. दुसऱ्यांदा उलट बाजूने. तिसऱ्यांदा फीतच तपासली, घरातल्या दुसऱ्या फितीशी लावून.

"दोरी दहा मीटरची आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी कार्यालयातल्या पितळी पट्टीने मीच मोजून घेतली होती."

"हो, बाबा. पहिल्या दिवशी होती."

"वजनं दरवर्षी तपासली मी. दरवर्षी."

"हो."

"दोरी तपासायची असं कोणी..." ते थांबले. कोणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं. पण वारा पडायची वाट बघायलाही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. दुपारी ते जेवायला बाहेर आले नाहीत. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि सुनेकडे एकदा असं पाहिलं की तिला आपणच काहीतरी चोरल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी दार उघडलं. पलंगाखालची पत्र्याची पेटी पलंगावर आली होती आणि तिच्यातल्या सव्वीस वह्या ओळीने मांडलेल्या होत्या. शेताची वही, एका वर्षाची एक.

"ये, बस," ते सुनेला म्हणाले. "शेऱ्याचा रकाना बघ. मला वाटलंच होतं, मी लिहिलं असणार."

चौथ्या वर्षाच्या वहीत, त्यांच्या ठळक अक्षरात: दोरी तुटली, गाठ मारून काम पुढे चालू. सातव्या वर्षी तेच. अकराव्या, पंधराव्या, अठराव्या, एकविसाव्या, चोविसाव्या. सात गाठी, सात नोंदी, तारखेसह. कुठल्या शेतात तुटली तेही लिहिलेलं. एका गाठीत जवळजवळ तेरा सेंटीमीटर जातात, हे त्यांनी दुपारभर बसून दुसऱ्या दोरीच्या तुकड्यावर बांधून पाहिलं होतं.

"बघ कसा आहे मी," ते म्हणाले. "तुटली ते लिहिलं. बांधली ते लिहिलं. बांधल्यावर मोजली नाही. आणि त्या बाई दरवर्षी बांधावर येऊन विचारायच्या. वीस-बावीस वेळा मी त्यांना तोंडावर नाही म्हणालो, सूनबाई."

त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यांचा हात धरावासा वाटला आणि तिने तो धरला.

"बाबा, मी दुरुस्ती मोघम लिहू शकते. साधनाची झीज, असं. तुमचं नाव कुठे यायची गरज नाही."

"आणि साहेबाने विचारलं, पुरावा काय? तू काय सांगणार, घरातल्या खिळ्याला सापडला?" त्यांनी वह्या गोळा करायला घेतल्या. "भूक लागलीय. तिला म्हणावं ताट आण. आणि माझा तो पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव म्हणावं, परवाला."

मग दोघं कामाला लागली. ते वर्ष आणि आकडा सांगत, ती चौकोनाचं खरं क्षेत्रफळ काढून नवा आकडा मांडी. गुरुवारी दिवसभर तेच चाललं. मध्येच ते तिची बेरीज थांबवून "पुन्हा कर" म्हणत, आणि ती मुकाट्याने पुन्हा करी. कागदावर जी रेघ आठावर आडवी पडलेली होती ती एका टोकाने उचलत चालली. कुठे वर, कुठे पाऊस नसलेल्या वर्षी खाली, पण शेवटी नऊ ऐंशीला जाऊन पोचली, नव्या मुलीच्या आकड्यांच्या शेजारी. आणि हट्टी आजोबांची उतरती रेघ सरळ झाली. म्हातारा सव्वीस वर्षं सात नव्वदच्या आसपासच होता, ना वर ना खाली. त्यावर मोजणीदादा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

शुक्रवारी साहेब आले. उंच, घाईतले, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी नवा तक्ता उलटसुलट पाहिला.

"सव्वीस वर्षं आम्ही ज्या आकड्यांची शपथ घेतली ते चुकीचे, असं म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तिला नका विचारू," मोजणीदादा म्हणाले. "आकडे माझे आहेत. वजन बरोबर होतं, जमीन कमी मोजली. चूक माझी."

"आणि या गाठी निवृत्तीनंतर मारल्या नाहीत हे कशावरून?"

मोजणीदादांनी एका पाठोपाठ एक सात वह्या उघडून टेबलावर ठेवल्या. नव्या मोजणीदारणीने न सांगता त्याच वर्षांच्या कार्यालयातल्या प्रती आणून शेजारी ठेवल्या. नोंदी अक्षरशः जुळत होत्या. इतकी वर्षं त्या कपाटात होत्या आणि शेऱ्याचा रकाना कोणीही वाचलेला नव्हता. सुनेनेही नऊ वर्षं वाचला नव्हता, आणि हे तिने साहेबांना सांगून टाकलं.

मग मोजणीदादा दोरी घेऊन बाहेरच्या लांब बोळात गेले. सगळे मागोमाग गेले. त्यांनी जमिनीवर बसून गाठी सोडायला सुरुवात केली. जुन्या, आवळून बसलेल्या गाठी, लवकर सुटेनात. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पाहण्याऐवजी खाली बसून स्वतः एक गाठ सोडवायला घेतली. अर्ध्या तासाने जमिनीवर आठ तुकडे टोकाला टोक लावून मांडले गेले. नव्या मुलीने फीत धरली. नऊ मीटर सत्त्याण्णव. झिजलेल्या टोकांचे तीन सेंटीमीटर सोडले तर दहा मीटर.

साहेब गुडघे झटकत उठले. "बंद करायचा प्रस्ताव मागे घेतो," ते म्हणाले. "पाच वर्षं चालू द्या, मग पुन्हा बघू. हे तुकडे इथेच राहू देत, वह्यांबरोबर. आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येकाची फीत आधी तपासली जाईल. ते कसं करायचं हे शिकवायला..." त्यांनी मोजणीदादांकडे पाहिलं. "याल का?"

"येईन," मोजणीदादा म्हणाले. "वजनंही आणायला सांगा."

घरी जाताना त्यांनी दुकानातून कपडे वाळत घालायची निळी दोरी घेतली. अंगणात बांधायच्या आधी ती मोजली. मग सासूबाई दारात हसू दाबत उभ्या असताना, दुकानात परत गेले आणि कमी भरलेली दोरी बदलून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुनेला म्हणाले, "केंद्रावर जायचंय. तू चल बरोबर. मला एकट्याला बोलायला जमेल असं वाटत नाही."

बातमी मसूरताईंना फोनवर कळली होती. त्या बांधावर उभ्या होत्या, पुढ्यात गुडघ्याएवढा मसूर, शेंगा भरत आलेल्या. दोघांना बघून त्या पुढे आल्या. मोजणीदादा चार पावलांवर थांबले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"ताई, विचारा," ते म्हणाले.

"काय विचारू?"

"दरवर्षी विचारायचात ते."

मसूरताईंनी सुनेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या लक्षात आलं.

"दादा, वाढलं का?"

मोजणीदादांनी कागद उघडला, चष्मा लावला. "पाचवं वर्ष. तुमचं पहिलं बी शेतात आलं ते. मी सांगितलं होतं, नाही. वाढलं होतं, ताई. आठ दहा. सहावं वर्ष, मी सांगितलं होतं, नाही. वाढलं होतं. आठ पंधरा. सातवं वर्ष, वाढलं होतं. आठवं वर्ष, वाढलं होतं, आठ तेहेतीस."

मसूरताई बांधावर बसल्या. रडणार नाही म्हणाल्या होत्या, ते त्यांना जमलं नाही. सून त्यांच्या शेजारी बसली.

"नववं वर्ष," मोजणीदादा म्हणाले आणि चष्म्यावरून पाहिलं. "नववं वर्ष मात्र नाही. पाऊस नव्हता. ते खरंच नाही."

मसूरताई रडता रडता हसल्या. "चालेल, दादा. पुढचं वाचा."

त्यांनी बोट एक ओळ खाली घेतलं. "दहावं वर्ष. वाढलं होतं."